सल्फेटचं भारमितीय विश्लेषण: कोरड्या मुशीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत

बेरियम सल्फेटचा प्रयोग संपल्यावर वहीत १०३ टक्के किंवा ८८ टक्के असं उत्तर दिसलं, की बहुतेक जण आकडेमोड तपासायला बसतात. आकडेमोड असते तीन ओळींची आणि ती क्वचितच चुकते. चूक आधीच होऊन गेलेली असते: मूस (पदार्थ तापवायचं लहान भांडं) कोमट असतानाच तराजूवर गेली, अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) घाईने पाडला, गाळणकागदाने पेट घेतला.

भारमितीय विश्लेषण म्हणजे तोलून प्रमाण काढणं, आणि तराजू फक्त वस्तुमान सांगतो. मुशीत बेरियम सल्फेटबरोबर ओल आहे, अडकलेलं क्लोराइड आहे की न जळलेला कोळसा, हे त्याला कळत नाही. तो सगळं एकत्र मोजतो आणि आपण त्या सगळ्याला बेरियम सल्फेट समजून गणित करतो. म्हणून खालची प्रत्येक पायरी एकाच कामासाठी आहे: शेवटचं वजन करताना मुशीत नको ते काही नसावं, आणि हवं ते सगळं तिथंच असावं.

उदाहरणाला सोडियम सल्फेटचा नमुना घेतला आहे. त्यातलं सल्फेट बेरियम क्लोराइडने खाली पाडायचं, गाळायचं, धुवायचं, तापवायचं आणि तोलायचं.

## सुरुवातीआधी: तुमचा तराजू या कामाचा आहे का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि निम्मे प्रयोग इथंच फसतात. या पद्धतीत अवक्षेप साधारण ०.५ ते ०.७ ग्रॅम मिळतो. तो थेट तोलला जात नाही. भरलेली मूस वजा रिकामी मूस, असा फरक काढावा लागतो. म्हणजे तराजूची चूक दोनदा येते.

तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल, तर प्रत्येक वाचनात ०.००५ ग्रॅमची अनिश्चितता असते आणि फरकात ती ०.०१ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. ०.५ ग्रॅमवर ०.०१ म्हणजे २ टक्के. हात कितीही स्वच्छ ठेवला, तरी यापेक्षा बरं उत्तर अशा तराजूवर येणार नाही. चार दशांश स्थळं दाखवणारा तराजू असेल तर हीच अनिश्चितता ०.०२ टक्क्यांच्या आसपास येते आणि मग बाकीच्या काळजीला अर्थ उरतो. तीन स्थळांचा तराजू शिकण्यापुरता चालतो. दोनच स्थळं असतील तर हा प्रयोग सोडा आणि लेखाच्या शेवटी दिलेला स्फटिकजलाचा प्रयोग करा. त्यात मोजायची राशीच मोठी असते.

## वेळेची आखणी

एका तासिकेत हे बसत नाही. बसवायला गेलात तर भिजत ठेवणं, थंड होऊ देणं आणि पुन्हा तापवणं या तीनच गोष्टी कापल्या जातात, आणि नेमक्या त्याच कापायच्या नसतात. कामाचे तीन भाग करा:

- पहिल्या दिवशी मूस तयार करणं आणि नमुना वाळवणं.
- दुसऱ्या दिवशी अवक्षेप पाडून, झाकून, रात्रभर ठेवून देणं.
- तिसऱ्या दिवशी गाळणं, धुणं, तापवणं, तोलणं.

साहित्यात दोन गोष्टींवर तडजोड नको. गाळणकागद राखरहित आणि बारीक छिद्रांचा हवा. व्हॉटमन क्रमांक ४२ हा या कामासाठी नेहमीचा. साधा गाळणकागद जळून मागे राख ठेवतो आणि ती राख तुमच्या उत्तरात मिसळते. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. ते ऊर्ध्वपातितच हवं. नळाच्या पाण्यात सल्फेटही असतं आणि क्लोराइडही.

सावध: बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत. बेरियम क्लोराइड पिपेटने तोंडाने ओढायचं नाही, काम संपल्यावर हात धुवायचे. चष्मा पूर्ण वेळ डोळ्यांवर.

## पायरी १: रिकामी मूस स्थिर वस्तुमानाला आणा

चिनीमातीची किंवा सिलिकाची मूस, म्हणजे क्रुसिबल, स्वच्छ धुऊन वाळवा. झाकणासह तिच्यावर खूण करा. पेन्सिलची खूण जळून जाते. फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने बारीक आकडा काढून तापवला, तर आयर्न ऑक्साइडची तपकिरी खूण कायमची राहते.

मूस तिवईवरच्या त्रिकोणावर ठेवून आधी मंद आणि मग पूर्ण ज्योतीवर १५ ते २० मिनिटं तापवा. तळ लालसर दिसला पाहिजे. ज्योत बंद करून मिनिटभर हवेत राहू द्या, मग चिमट्याने डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा. अगदी गरम मूस आत ठेवली की आतली हवा प्रसरण पावते आणि झाकण उचललं जाऊन घसरू शकतं, म्हणून पहिले काही क्षण झाकण किंचित सरकवून ठेवा आणि मग बंद करा. निदान ३० मिनिटं थंड होऊ द्या.

वजन करा. पुन्हा १० मिनिटं तापवा, तितकाच वेळ थंड करा, पुन्हा वजन करा. लागोपाठच्या दोन वजनांत ०.०००४ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसेल तेव्हा मूस तयार झाली. फरक जास्त असेल तर तिसरी फेरी. वहीत सगळी वजनं लिहा, नुसतं शेवटचं नाही.

इथं रिकाम्या मुशीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटतं. कारण साधं आहे. पुढं ही मूस अवक्षेपासह लाल होईपर्यंत तापणारच आहे. तिच्यात आज दमटपणा असेल तर तो तेव्हा उडून जाईल, आणि ती घट अवक्षेपाच्या नावावर लागेल.

सावध: या क्षणापासून मुशीला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा चार स्थळांच्या तराजूवर दिसू शकतो. चिमट्याची टोकंही स्वच्छ हवीत. काजळी लागलेला चिमटा हा विसरला जाणारा गुन्हेगार.

तपासा: मूस गालाजवळ नेऊन गरम आहे का बघू नका, वेळ मोजा. गरम वस्तूभोवतीची हवा वर चढते आणि पारडं किंचित उचलते; त्यामुळे वजन कमी दिसतं. तराजूवरचा शेवटचा आकडा एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल तर मूस अजून गरम आहे, असं समजून ती परत डेसिकेटरमध्ये ठेवा. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी असेल तर ठीक. गुलाबी झाली असेल तर ती भिजलेली आहे आणि तुमची मूस कोरडी ठेवायच्या स्थितीत नाही.

## पायरी २: नमुना वाळवा आणि फरकाने तोला

नमुना वजनबाटलीत घेऊन, झाकण तिरकं ठेवून, १०५ ते ११० अंश सेल्सिअसला दीड-दोन तास ओव्हनमध्ये वाळवा. डेसिकेटरमध्ये थंड करा.

आता बाटली नमुन्यासह तोला. मग बाटली बीकरवर तिरकी धरून हलकेच ठोकत साधारण ०.४ ग्रॅम पावडर ४०० मिलीच्या बीकरमध्ये उतरवा आणि बाटली पुन्हा तोला. दोन वजनांचा फरक म्हणजे तुमचा नमुना. ही पद्धत कागदावर तोलून बीकरमध्ये ओतण्यापेक्षा चांगली, कारण कागदाला काय चिकटून राहिलं याची चिंताच उरत नाही.

नेमके ०.४००० ग्रॅम काढायच्या मागे लागू नका. ०.३८ ते ०.४५ मधलं कोणतंही वजन चालतं. ते चार स्थळांपर्यंत माहीत असलं म्हणजे झालं. जास्त पडलं म्हणून चमच्याने परत बाटलीत टाकलं, तर बाटलीतला उरलेला नमुनाही संशयास्पद होतो.

तपासा: शक्य असेल तर इथूनच दोन बीकर आणि दोन मुशी समांतर चालवा. एकटं उत्तर बरोबर आहे की चुकलं, हे सांगायला दुसरं उत्तर लागतं.

## पायरी ३: द्रावण करा, आम्ल घाला, गरम करा

नमुना सुमारे २०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा आणि २ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचे ६ मिली घाला. द्रावण जवळजवळ उकळीला आणा, पण खळखळू देऊ नका.

आम्ल विसरण्याचं प्रमाण मोठं आहे, कारण समीकरणात ते कुठंच दिसत नाही. त्याची कामं दोन. हवेतून किंवा नमुन्यातून आलेलं कार्बोनेट बेरियमबरोबर खाली बसू नये, हे पहिलं. दुसरं म्हणजे बेरियम सल्फेटची विद्राव्यता किंचित वाढते, त्यामुळे एकदम असंख्य सूक्ष्म कण तयार न होता थोडे पण मोठे कण वाढतात. याचा अर्थ जास्त आम्ल जास्त चांगलं, असा मात्र नाही. फार आम्लात अवक्षेपाचा काही भाग विरघळून राहतो.

## पायरी ४: अवक्षेप पाडा, थेंबाथेंबाने

प्रयोगाची खरी गुणवत्ता या दहा मिनिटांत ठरते. नंतरचं गाळणं सोपं जाईल की छळेल, तेही इथंच ठरतं.

किती बेरियम क्लोराइड लागेल ते आधी काढा. ०.४ ग्रॅम सोडियम सल्फेट म्हणजे २.८२ मिलिमोल. बेरियम क्लोराइड डायहायड्रेटचं ५ टक्के द्रावण, म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम, साधारण ०.२०५ मोलार असतं. तर लागतील १३.८ मिली. थोडं जास्त हवं, म्हणून १६ मिली घ्या. हा जादा बेरियम द्रावणात उरलेल्या सल्फेटलाही खाली ओढतो. मात्र 'असू दे थोडं' म्हणून ४० मिली ओतलं तर बेरियम क्लोराइड स्वतःच अवक्षेपात अडकून बसतं.

हे १६ मिली वेगळ्या बीकरमध्ये गरम करा. नमुन्याचं द्रावण काचकांडीने सतत ढवळत ड्रॉपरने एकेक थेंब सोडत राहा. सगळं संपायला ८ ते १० मिनिटं लागली पाहिजेत.

गरम, विरल, सावकाश, ढवळत: चारही अटी एकाच कारणासाठी आहेत. एका जागी एका क्षणी फार मोठं अतिसंपृक्तन झालं, म्हणजे मावतं त्याहून खूप जास्त विरघळलेलं असलं, तर एकदम लाखो केंद्रकं (कणांची बीजं) तयार होतात आणि प्रत्येक कण पिठासारखा बारीक राहतो. असे कण गाळणकागदातून आरपार जातात आणि त्यांच्या प्रचंड पृष्ठभागाला इतर आयन चिकटतात. मोठा कण कमी घाण बाळगतो आणि कागदावर थांबतो.

सावध: काचकांडी बीकरच्या तळावर घासू नका. ओरखड्यांत अवक्षेप घट्ट चिकटतो आणि नंतर निघत नाही. कांडी आता बीकरमधून बाहेर काढायची नाही. टेबलावर ठेवलीत तर अवक्षेपही टेबलावर गेला.

तपासा: ढवळणं थांबवा, अवक्षेप खाली बसू द्या. वरचं द्रावण नितळ झालं की बीकरच्या कडेने बेरियम क्लोराइडचे दोन-तीन थेंब सोडा. थेंब पडतात तिथं गढूळपणा दिसला तर सल्फेट अजून शिल्लक आहे. आणखी २ मिली घालून पुन्हा तपासा. ही तपासणी गढूळ द्रावणात करण्यात अर्थ नाही, काहीच दिसणार नाही.

## पायरी ५: थांबा

बीकरवर वॉच ग्लास ठेवून वॉटर बाथवर, उकळीच्या खाली, तासभर ठेवा. नंतर रात्रभर तसंच राहू दिलं तर उत्तम.

वरून काहीच घडत नाही असं दिसतं, म्हणून ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. आत मात्र बारीक कण विरघळून त्यांचं द्रव्य मोठ्या कणांवर बसत असतं, आणि घाईत अडकलेले परके आयन सुटे होत असतात. तासाभरानंतर अवक्षेप जड वाळूसारखा खाली बसलेला आणि वरचं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. दुधाळच असेल तर गाळायला घेऊ नका.

## पायरी ६: गाळा

कागद चौपदरी दुमडा, तीन पदरांच्या बाजूचा बाहेरचा कोपरा थोडा फाडा म्हणजे तो नरसाळ्याला नीट चिकटतो. पाण्याने ओला करून बोटाने हवा बाहेर काढा. नरसाळ्याच्या दांड्यात पाण्याचा अखंड स्तंभ उभा राहिला तर गाळण्याचा वेग कितीतरी वाढतो. तो तुटत असेल तर कागद नीट बसलेला नाही. दांड्याचं टोक खालच्या बीकरच्या भिंतीला टेकवा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरचं नितळ द्रावण काचकांडीच्या आधाराने ओता, अवक्षेप बीकरमध्येच राहू द्या. मग बीकरमध्ये १५-२० मिली गरम पाणी घालून ढवळा, बसू द्या, पुन्हा वरचं ओता. दोन-तीनदा असं करून शेवटी अवक्षेप कागदावर आणा. सुरुवातीलाच सगळं ढवळून ओतलं, तर कागदाची छिद्रं बुजतात आणि पुढचा तास थेंब मोजण्यात जातो.

बीकरच्या भिंतीला चिकटलेले कण रबराची टोपी लावलेल्या काचकांडीने सोडवा आणि वॉश बॉटलच्या धारेने कागदावर आणा. बीकर उजेडासमोर धरून बघा. पांढरी पट्टी दिसत असेल तर काम बाकी आहे.

सावध: कागद वरपर्यंत भरू नका, काठाखाली निदान एक सेंटीमीटर मोकळा ठेवा. बेरियम सल्फेटचे कण ओल्या कागदावरून वर सरकतात आणि काठ ओलांडून पळतात.

तपासा: गाळीव द्रव उजेडात बघा. गढूळ असेल तर टाकून देऊ नका, त्याच कागदातून पुन्हा गाळा. आता कागदावर अवक्षेपाचा थर असल्यामुळे बारीक कणही बहुधा अडतात. म्हणूनच गाळीव द्रवाचा बीकरही आधीपासून स्वच्छ हवा.

## पायरी ७: धुवा, पण हिशेबाने

गरम ऊर्ध्वपातित पाण्याच्या ८-१० मिलीच्या छोट्या छोट्या हप्त्यांनी धुवा. प्रत्येक हप्ता पूर्ण निथळल्याशिवाय पुढचा घालायचा नाही.

एकदम ३० मिली का नको? समजा निथळल्यावरही अवक्षेपात १ मिली द्रव अडकून राहतो. ३० मिलीने एकदा धुतलं तर क्लोराइडचा ३१वा हिस्सा मागे उरतो. तेच ३० मिली १०-१०-१० असे तीनदा वापरले तर प्रत्येक वेळी ११वा हिस्सा उरतो, म्हणजे शेवटी १३३१वा. पाणी तेवढंच, फरक चाळीस पटींहून जास्त.

पाच-सहा हप्त्यांनंतर दांड्यातून पडणारे काही थेंब स्वच्छ परीक्षानळीत घ्या. त्यात विरल नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका. पांढुरकेपणा आला तर क्लोराइड आहे, धुणं चालू ठेवा. नितळ राहिलं, किंवा जेमतेम झाक दिसली, की थांबा.

थांबणं हेही पायरीचाच भाग आहे. बेरियम सल्फेट पूर्णपणे अविद्राव्य नाही. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे २.५ मिलिग्रॅम विरघळतं, गरम पाण्यात थोडं जास्त. शंभर मिलीपर्यंत चिंता नाही. अर्धा लिटर पाणी ओतून 'अगदी स्वच्छ' केलेला अवक्षेप मात्र थोडा हरवलेला असतो.

सावध: सिल्व्हर नायट्रेट कातडीवर काळे डाग पाडतं. आणि ही चाचणी मुख्य बीकरमध्ये कधीच करायची नाही. तिथं सुरुवातीपासूनचं क्लोराइड साचलेलं आहे, उत्तर नेहमीच 'आहे' येईल.

## पायरी ८: कागद जाळा, पेटवू नका

कागद निथळू द्या. काठ आत दुमडून अवक्षेपाची पुडी करा आणि ती वजन केलेल्या मुशीत ठेवा, जाड पदर वरच्या बाजूला.

मूस त्रिकोणावर थोडी तिरकी, झाकण अर्धवट उघडं. अगदी छोट्या ज्योतीवर आधी पाणी जाऊ द्या. ज्योत मोठी ठेवलीत तर आत वाफ कोंडते आणि अवक्षेपाचे कण उडतात. कोरडं झाल्यावर ज्योत थोडी वाढवा; कागद तपकिरी होईल, धूर येईल, काळा पडेल. धूर पूर्ण थांबेपर्यंत ज्योत वाढवायची नाही.

कागदाने पेट घेतला तर? फुंकर मारू नका. चिमट्याने झाकण पूर्ण बसवा, ज्योत बाजूला करा. पेटत्या कागदाबरोबर गरम वायूच्या झोतात अवक्षेप बाहेर जातो, आणि तो किती गेला हे नंतर कधीच कळत नाही.

धूर थांबला की तापमान वाढवा आणि झाकण तिरकं ठेवून हवा आत जाऊ द्या. काळा कार्बन जळून अवक्षेप पांढराशुभ्र झाला पाहिजे. हवा कमी पडली आणि कार्बन तापलेल्या बेरियम सल्फेटच्या सान्निध्यात राहिला, तर सल्फेटचं काही प्रमाणात बेरियम सल्फाइड होतं. बेरियम सल्फेटचं मोलार वस्तुमान २३३.४, सल्फाइडचं १६९.४; म्हणजे जेवढं बदललं त्याच्या पाव हिश्श्याहून जास्त वजन हवेत गेलं. अशी शंका आली तर मूस थंड करून विरल सल्फ्युरिक आम्लाचे एक-दोन थेंब घाला, धुराड्याखाली अतिशय मंद तापवून आम्ल उडवून टाका आणि पुन्हा पूर्ण तापवा. सल्फाइडचं परत सल्फेट होतं.

शेवटी पूर्ण ज्योतीवर १५ ते २० मिनिटं. मफल फर्नेस (बंद भट्टी) असेल तर ८०० ते ९०० अंश सेल्सिअस.

## पायरी ९: पुन्हा स्थिर वस्तुमान

पायरी १ मधली शिस्त जशीच्या तशी: मिनिटभर हवेत, ३० मिनिटं डेसिकेटरमध्ये, वजन, १० मिनिटं पुन्हा ज्योतीवर, पुन्हा वजन. रिकामी मूस ३० मिनिटं थंड केली असेल तर भरलेलीही ३० मिनिटंच. तोच तराजू, तेच झाकण. ०.०००४ ग्रॅमच्या आत दोन वजनं जुळली की थांबा.

तपासा: वजन प्रत्येक फेरीत घटत असेल तर ओल किंवा कार्बन शिल्लक आहे. वाढत असेल तर डेसिकेटर दमट आहे, किंवा झालेलं सल्फाइड पुन्हा सल्फेट होत आहे.

## हिशेब

समजा आकडे असे आले:

- नमुना: ०.४०३२ ग्रॅम
- रिकामी मूस: १८.२१४६ ग्रॅम
- मूस आणि अवक्षेप: १८.८६८७ ग्रॅम
- अवक्षेप: ०.६५४१ ग्रॅम

बेरियम सल्फेटमध्ये सल्फेटचा वाटा ९६.०६ भागिले २३३.३९, म्हणजे ०.४११६. हा झाला भारमितीय गुणक. ०.६५४१ ला ०.४११६ ने गुणलं की ०.२६९२ ग्रॅम सल्फेट. भागिले ०.४०३२, गुणिले १००: ६६.७७ टक्के.

शुद्ध सोडियम सल्फेटमध्ये ६७.६३ टक्के सल्फेट असतं. म्हणजे नमुन्यात दुसरं सल्फेट नसेल तर शुद्धता ९८.७ टक्के.

गुणक काढताना दोन चुका ठरलेल्या आहेत. एक, अपूर्णांक उलटा मांडणं. जे शोधायचं ते वर, जे तोललं ते खाली. दुसरी, मोलांचं गुणोत्तर विसरणं. इथं एका बेरियम सल्फेटमागे एकच सल्फेट आहे म्हणून ती लपून जाते. पण फेरिक ऑक्साइड तोलून लोह काढायचं असेल तर एका ऑक्साइडमागे लोहाचे दोन अणू येतात, आणि गुणक २ × ५५.८५ भागिले १५९.६९, म्हणजे ०.६९९४ होतो. २ विसरलात तर उत्तर बरोबर निम्मं.

## उत्तर चुकलं तर कुठं बघायचं

चूक कोणत्या दिशेला आहे, यावरून पायरी सापडते.

उत्तर जास्त आलं तर काहीतरी जादा तोललं गेलं: अपुरं धुणं, न जळलेला कार्बन, राख सोडणारा कागद, खूप जादा बेरियम क्लोराइड. रिकामी मूस कोमट असताना तोलली असेल तरीही उत्तर जास्त येतं, कारण वजाबाकीतला आकडाच लहान झाला.

उत्तर कमी आलं तर अवक्षेप हरवला किंवा बदलला: कागदातून गेला, काठावरून सरकला, कागद पेटल्यावर उडाला, सल्फाइड झालं, अति धुतला. नमुना ओला असेल तर छेद मोठा होतो आणि टक्केवारी घटते.

एक प्रकार मात्र उलटा वाटतो. अवक्षेपात सोडियम सल्फेट अडकलं तर उत्तर जास्त नव्हे, कमी येतं. ज्या सल्फेटने बेरियम सल्फेट होऊन २३३ भाग वजन द्यायचं होतं, ते १४२ भागांवरच थांबतं. भिजत ठेवण्याची पायरी वगळणाऱ्यांना ही चूक हमखास भेटते.

आणि ९९.९ टक्के आलं म्हणून लगेच खूश होऊ नका. थोडा अवक्षेप उडाला आणि तेवढंच क्लोराइड राहिलं, तरी हाच आकडा दिसतो. समांतर केलेल्या दुसऱ्या मुशीचं उत्तर किती जवळ आहे, ते बघा.

## साधा तराजू असेल तर: मोरचुदाचं स्फटिकजल

इथं अवक्षेप नाही, गाळणं नाही; पदार्थाच्या स्फटिकात बांधलेलं पाणी घालवून झालेली घट मोजायची.

1. मूस तापवून, थंड करून तोला.
2. बारीक केलेलं मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, साधारण ४ ग्रॅम घालून पुन्हा तोला.
3. मंद ज्योतीवर १० ते १५ मिनिटं तापवा, निळा रंग पूर्ण जाऊन पांढुरकी पावडर होईपर्यंत. ज्योत सरळ तळाला लावून ठेवू नका, फिरवत राहा.
4. झाकून डेसिकेटरमध्ये थंड करा, तोला. पुन्हा ५ मिनिटं तापवून तोला. ०.०१ ग्रॅमच्या तराजूवर लागोपाठ दोनदा तोच आकडा आला पाहिजे.

सावध: पावडर काळपट पडू लागली किंवा उग्र वास आला तर तापमान फार वाढलं. आता पाणी नाही, सल्फेटच फुटून कॉपर ऑक्साइड होत आहे. ती मूस बाद. नवा नमुना घ्या.

मूस उघडी ठेवून थंड करणं ही इथली नेहमीची चूक. निर्जल कॉपर सल्फेट हवेतली ओल झपाट्याने ओढतं. पृष्ठभागावर निळी झाक दिसली म्हणजे घालवलेलं पाणी परत आलं.

४.०० ग्रॅमचे २.५६ ग्रॅम उरले तर १.४४ ग्रॅम पाणी गेलं. १.४४ भागिले १८.०२ म्हणजे ०.०७९९ मोल पाणी, २.५६ भागिले १५९.६ म्हणजे ०.०१६० मोल कॉपर सल्फेट. गुणोत्तर ४.९८, म्हणजे ५. तराजू ०.०१ ने चुकून घट १.४३ दिसली असती तरी गुणोत्तर ४.९३ आलं असतं, आणि पूर्णांक तोच राहिला असता.

राहिला टाकाऊ द्रव. बेरियम असलेला गाळीव द्रव मोरीत ओतायचा नाही. वेगळ्या बाटलीत जमवा, त्यात सोडियम सल्फेटचं द्रावण घालून उरलेलं बेरियम खाली बसवा आणि मगच प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा. सिल्व्हर नायट्रेटच्या परीक्षानळ्यांसाठी बाटली वेगळी.